शँडीन गप्प का बसली

त्या वर्षी वारा थांबायचं नावच घेत नव्हता. नुसती लाल माती उडत होती, दातांत कचकच, डोळ्यांत कचकच, चहाकॉफीत कचकच. पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचा दांडा मोडून पडला होता आणि दुरुस्तीला कोणी येत नव्हतं, त्यामुळे डेल्फीनच्या घरची माणसं, मेंढ्या, शेळ्या आणि एक म्हातारा कुत्रा, सगळेच्या सगळे तिच्या भावाच्या, हॅरिसनच्या पिकअपमधून येणाऱ्या पाण्याच्या पिंपांकडे डोळे लावून बसायचे. आणि नेमकं याच दिवसांत शाळेनं कळवलं, की डेल्फीनच्या लेकीला, शँडीनला, हुशार मुलांच्या वर्गात घेतलेलं नाही.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण ती पोरगी माहीत पाहिजे! तिसरीतली एवढीशी, पण सकाळी तोंड उघडलं की ते झोपेतच मिटायचं. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते? वारा दमतो का? कुत्र्याला स्वप्नात आपण दिसतो का? आजीनं हिवाळ्यात सांगितलेली एकेक गोष्ट तिला मुखपाठ, आणि त्यात आजी कुठं चुकली तर लगेच, "नाही आजी, मागच्या खेपेला त्यानं आधी मका चोरला होता." हॅरिसनमामा तर म्हणायचा, "ताई, हिला पिकअपमध्ये बसवली की रेडिओचा खर्च नाही."

आणि तिला त्या वर्गात जायचं होतं. मनापासून जायचं होतं. शाळा अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या मुलुखाच्या हद्दीपलीकडच्या गावात. तिथं प्रुइटबाईंच्या खोलीत मंगळवारी हुशार मुलं जमायची, आणि एकदा शँडीननं खिडकीला नाक लावून पाहिलं, तर पोरं सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल बघत होती. त्या दिवसापासून तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत मेंढीच्या अंगावरची एक गोचीड जपून ठेवली होती. एवढी टपोरी. "हिचा चेहरा बघायचाय मला," म्हणायची. बाटली दप्तरात, दप्तर उशाशी.

आणि त्या वर्गासाठीच्या परीक्षेत ही पोरगी गप्प बसली. म्हणजे कोडी सगळी सोडवली, आकृत्या जुळवल्या, पण शेवटी बाईंनी एक चित्र पुढं ठेवलं आणि म्हटलं, याच्यावरून गोष्ट सांग, सुचेल तेवढी लांब. तर शँडीननं ओठ मिटले ते मिटलेच. वेळ संपली. तिथंच शून्य पडलं आणि तिथंच सगळं घसरलं.

डेल्फीन शाळेच्याच स्वयंपाकघरात कामाला होती. डोक्याला जाळी लावून दुपारी पोरांच्या ताटात उसळ आणि मका वाढायची. वाढता वाढता रांगेत शँडीनच्या तिसरीच्या मास्तरीणबाई आल्या, हळहळून म्हणाल्या, "लाजरी असतात हो तुमच्याकडची मुलं." डेल्फीनचा डाव हातातच राहिला. लाजरी? शँडीन? मागून पोरगं ओरडलं, "मावशी, मका!" तेव्हा कुठं तिचा हात हलला.

घरी येऊन तिनं पोरीला फैलावर घेतलं. "तोंडाला कुलूप लागलं होतं का गं? इकडं माझं डोकं खातेस आणि तिथं मुकी होतेस? काय झालं होतं?"

शँडीन खाली बघत म्हणाली, "काही नाही."

"मग सांगितली का नाहीस गोष्ट?"

"नव्हती सांगायची."

"नव्हती सांगायची! बघितलंस हॅरिसन? महाराणी आहेत!"

हॅरिसन पिंपाला नळी लावत होता. त्यानं खाली मान घालून नळीच बघितली. बहिणीचा पारा चढला की तो नळीच बघायचा. आणि शँडीन बाटली घेऊन बाहेर गेली, मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन बसली, आणि नंतर किती तरी दिवस घरात पहिल्यांदाच शांतता होती. ती शांतता डेल्फीनला काट्यासारखी टोचायची, पण माघार घेणार कोण? पोरगीही आईच्याच वळणावर गेलेली होती ना.

तरी अपील तिनं केलंच. शाळेत जाऊन सांगितलं, की माझ्या पोरीचं पुन्हा बघा. मुख्याध्यापक ऑक्सनर साहेब म्हणाले, "कारण काय देणार?" डेल्फीन म्हणाली, "कारण ती हुशार आहे." साहेब हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "सगळ्याच आया असं म्हणतात. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत बैठक ठेवू. काहीतरी ठोस घेऊन या."

ठोस कुठून आणायचं? तोवर लोकर कातरायचे दिवस आले.

कातरणीला सगळं घर लागतं. हॅरिसन एकेक मेंढी ओढून आणायचा, पाय बांधून आडवी करायचा, शँडीन डोकं मांडीवर धरून बसायची, आणि डेल्फीन आणि झोनीआजी दोन्ही अंगांनी कातर चालवायच्या. लोकरीच्या चिकट तुपानं हात मऊ पडतात, पण कंबर मोडून जाते. माती उडतच होती. आजीच्या कातरीचा आवाज कसा, तर एकसारखा, घाई नाही. आणि डेल्फीनची कातर रागानं चालायची, म्हणून मेंढीच्या कातडीला इथं तिथं लाल ओरखडे.

"मेंढीनं काय केलंय तुझं?" आजी म्हणाली.

"काही नाही."

"मग पोरीनं काय केलंय?"

डेल्फीन कातर चालवतच राहिली. आजीनं मग सरळ नातीलाच विचारलं. तेही कसं, मेंढीच्या कानामागची लोकर काढता काढता, सहज. "काय गं, कसलं चित्र होतं ते?"

शँडीननं इकडं तिकडं बघितलं. मग ओठ पुढं काढून ओठांनीच पलीकडच्या टेकडीकडं दाखवलं. त्याच टेकडीवरून परवा कोल्हा उतरला होता आणि कोकरू घेऊन गेला होता.

"तो होता," ती हळूच म्हणाली. "टेकडीवर बसलेला. वर चंद्र. आणि बाई म्हणाल्या, याची गोष्ट सांग. आणि आजी, पहिला गडगडाट होऊन गेला होता. आदल्याच आठवड्यात. मी ऐकलेला."

आजीची कातर थांबली. आणि मग म्हातारी जी हसायला लागली! हसून हसून डोळ्यांतून पाणी, पाणी पुसायला गेली तर लोकरीचं तूप डोळ्यात, तरी हसतेच आहे. "शहाणं गं माझं लेकरू! शहाणं!"

डेल्फीन मात्र तशीच बसून राहिली. कारण तिलाही माहीत होतंच की. कोल्ह्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात. साप, कोळी, अस्वल सगळे झोपलेले असतात तेव्हा. आकाशात पहिला गडगडाट झाला की गोष्टी बंद, त्या पुन्हा बर्फ पडेपर्यंत. मध्येच सांगितल्या तर साप ऐकतात आणि येतात. लहानपणी तीही हेच ऐकत वाढली होती. आणि एवढे दिवस तिच्या डोक्यात हे आलंच नाही! पोरीला मुकी म्हणाली, महाराणी म्हणाली. ते आठवून राग आला तिला, आणि तो निघाला आईवर.

"हसतेस काय? तुझ्या या गोष्टींपायी वर्ग गेला पोरीचा!"

"आणि साप चावला असता तर कुठल्या वर्गात बसवणार होतीस तिला?"

"शाळेत कुठला आलाय साप!"

"सापाला फाटक लागतं का?"

"अगं, पण निदान सांगायचं ना बाईंना, की मी का नाही सांगत!" डेल्फीन पोरीकडं वळली.

शँडीन म्हणाली, "सांगायला गेलं की गोष्टच सुरू होते, आई. त्याचं नाव घेतलं की बाई विचारणार, मग त्यानं काय केलं?"

यावर हॅरिसन मेंढीचे पाय सोडता सोडता म्हणाला, "बरोबर आहे ताई. आपली पोरगी वकील होणार." मेंढी नागडी होऊन उठली, चार पावलं गेली आणि स्वतःच्याच अंगाकडं बघून बावरली. शँडीन खुदकन हसली. किती दिवसांनी हसली! डेल्फीननं कातर खाली ठेवली, तुपकट हातानं पोरीचा गाल धरला, गालावर काळा पट्टा उमटला. माफी वगैरे तिच्या तोंडून निघत नाही. "ये, पुढची धर," एवढंच म्हणाली.

बैठकीच्या आदल्या दिवशी पाणी आणायला तिघं गेली. परत येऊन पिंप उतरवताना हॅरिसन एकदम ओरडला, "मागं व्हा!" पिंपाच्या सावलीत साप. खुळखुळ्या साप, वेटोळं करून, शेपटी वाजवत. दुष्काळात तेही ओलाव्याला येतातच. डेल्फीननं पोरीला झटकन उचलून कडेवर घेतलं. साप थोडा वेळ वाजला आणि मग सरपटत दगडांत गेला.

"बघ," शँडीन आईच्या कडेवरून म्हणाली, "आपण काही सांगितलं नाही, म्हणून गेला."

तर अशी तयारी. बैठक दुपारी, स्वयंपाकघर आवरल्यावर. डेल्फीननं सकाळी गाडीतच ठरवून टाकलं होतं, काय काय बोलायचं. पण साहेबांच्या खोलीच्या दारापाशी तिचा धीर सुटला. खाली वाकून पोरीला म्हणाली, "शँडीन, ऐक. त्यांनी परत तेच चित्र दाखवलं, तर... एकदाच सांग ना. छोटीशी. आजीला नाही कळणार."

"सापाला कळेल."

"इथं फरशी आहे गं. चकचकीत."

शँडीननं दप्तराचा पट्टा तेवढा घट्ट धरला.

आत टेबलाच्या पलीकडं ऑक्सनर साहेब, आणि बाजूला प्रुइटबाई, त्याच परीक्षा घेणाऱ्या. उंच, सडसडीत, चष्मा साखळीला लटकवलेला. डेल्फीन बोलायला लागली आणि ठरवलेलं सगळं उलटसुलट झालं. आधी साप आला, मग गडगडाट, मग मध्येच लोकर कातरणं. साहेब भुवया वर करून ऐकत होते. आणि ते सारखे तिच्या कपाळाच्या वर बघत होते. तिला वाटलं, मी काहीतरी मूर्खासारखं बोलतेय. आवाज आणखी चढला.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "कोल्ह्याची गोष्ट उन्हाळ्यात सांगायची नाही."

"हो."

"ठीक आहे. मग दुसरं चित्र द्या तिला, बाई. यात काय!"

प्रुइटबाईंनी चित्रांचा गठ्ठा काढला. पहिलं चित्र, अस्वल. शँडीननं मान हलवली. "हाही झोपतो." दुसरं चित्र, जाळ्यातला कोळी. "हाही." तिसऱ्यात गवतातला साप निघाला, तेव्हा तर बाईंनीच ते पटकन उलटं केलं. साहेब म्हणाले, "अहो, ही परीक्षा आहे की प्राणिसंग्रहालय?"

शेवटी एक निघालं. एक बाई उघड्या फ्रिजपुढं उभी. "हे चालेल?" हे चाललं. शँडीननं चित्राकडं नीट बघितलं, पुन्हा बघितलं, बाईंनी घड्याळ लावलं.

"ती दूध शोधतीये," शँडीन म्हणाली. "दूध नाहीये." जरा थांबली. "तिनं दार लावलं."

"आणि?"

"आणि काय? दूधच नाहीये."

डेल्फीनला रडावं का हसावं कळेना. अगं पोरी, अगं सांग काहीतरी! त्या फ्रिजमध्ये काहीही निघू दे! पण आता कुठल्या तरी परक्या बाईच्या फ्रिजबद्दल पोरीनं काय म्हणून बोलायचं? घरी तर फ्रिजही नव्हता, बर्फाचा डबा होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. माणूस दमला होता, त्यालाही घरी जायचं होतं. "असं करू," ते पुढं झुकून, प्रेमानंच म्हणाले. "शँडीन बाळा, तुला गोष्टी येतात असं तुझी आई म्हणते. मग एकच सांग. त्या कोल्ह्याची. दोन मिनिटं. सांगितलीस की मी इथल्या इथं सही करतो आणि तू प्रुइटबाईंच्या वर्गात. कोणी काही म्हणणार नाही."

पंखा फिरत होता. शँडीननं आईकडं बघितलं. नुसतं बघितलं, विचारावं तसं. आणि डेल्फीन गप्प राहिली. खोटं कशाला सांगायचं, तिच्या मनात होतं की सांगावी. सही समोर होती. त्या क्षणी तिनं मान हलवली नाही, होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पोरीला तेवढं पुरलं. तिनं दप्तर टेबलावर ठेवलं. मग दोन्ही पाय वर घेतले, खुर्चीवर, एक मग दुसरा, बूट घट्ट जवळ ओढले, गुडघे छातीशी धरले, आणि खुर्चीखाली एकदा वाकून बघितलं. चकचकीत फरशी. मग तोंड उघडलं.

"फार वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "तो चालला होता..."

"नको!"

डेल्फीन कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही. तिनं पोरीच्या पावलांवर हात ठेवला, दोन्ही बुटांवर, असा झाकल्यासारखा. "नको सांगूस. खाली नको ठेवू पाय, राहू दे. सांगू नकोस." आणि साहेबांकडं वळून म्हणाली, "साहेब, तुम्हाला गोष्ट पाहिजे ना? बर्फ पडला की या. तेव्हा ही थांबणार नाही. आत्ता नाही मिळायची. आत्ता वर्ग जात असेल तर जाऊ दे."

"डेल्फीन, वर्ग आता शरदात सुरू होतो. जागा भरतात. बर्फ पडेपर्यंत मी..."

"माहीत आहे. तेच तर म्हणतेय, जाऊ दे."

ती पोरीचं दप्तर उचलायला गेली, तेव्हा प्रुइटबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्या मघापासून शँडीनच्या पायांकडं बघत होत्या. "जागा भरू द्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण हे अपील बंद नका करू. माझी परीक्षा अजून संपलेली नाही." साहेब म्हणाले, असं कधी केलेलं नाही. बाई म्हणाल्या, "मग आता करा." साहेबांनी सुस्कारा टाकला. मग म्हणाले, बरं, पण मी वचन देत नाही.

बाहेर पिकअपमध्ये हॅरिसन वाट बघत होता. बहिणीला बघून म्हणाला, "ताई, तू आत अशीच बसली होतीस?"

"कशी?"

शँडीननं हात लांब करून आईच्या डोक्यावरची स्वयंपाकघरातली जाळी ओढून काढली. तर म्हणून साहेब कपाळाच्या वर बघत होते! डेल्फीननं जाळी हातात घेतली, एकदा बघितली, आणि मग जी हसत सुटली ती पार गावाची हद्द ओलांडेपर्यंत. आईसारखीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

उन्हाळा तसाच कोरडा गेला. पवनचक्की दुरुस्त झाली. शरदात वर्ग भरला, मंगळवारी पोरं प्रुइटबाईंच्या खोलीत जायची आणि शँडीन खिडकीवरून जाताना मुद्दाम दुसरीकडं बघायची. डेल्फीनला रांगेत वाढताना ते दिसायचं. त्या दिवशी पोरीच्या ताटात मका जास्त पडायचा. गोचीड बाटलीत वाळून कोळ झाली, तरी शँडीननं टाकली नाही.

मग एका रविवारी सकाळी उठून बघतात तर सगळं पांढरं. टेकडी पांढरी, वाडा पांढरा, मेंढ्या त्यापुढं मळकट पिवळ्या दिसायला लागल्या. आजीनं शेगडीत लाकडं सरकवली आणि नातीकडं बघून डोळा मारला.

दुपारी कुत्रा भुंकायला लागला. बर्फातून एक छोटी गाडी घसरत, रडत, थांबत येत होती, आणि ओढ्याच्या वळणावर रुतलीच. हॅरिसन दोरखंड घेऊन धावला. गाडीतून कोण उतरलं? प्रुइटबाई. नाक लाल, बूट भिजलेले, काखेत चित्रांचा गठ्ठा.

"पडला ना बर्फ?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

आजीनं त्यांना आत घेतलं, आठ बाजूंच्या त्या मातीच्या घरात, शेगडीजवळ बसवलं, कॉफी दिली, मटणाचा रस्सा दिला, तळलेली भाकरी दिली. डेल्फीन सारखी उठून काहीतरी आणत होती. हातांना काय करावं कळत नव्हतं. बाईंनी कप खाली ठेवला, टेकडीवरच्या कोल्ह्याचं चित्र काढलं, घड्याळ लावलं.

शँडीननं चित्र बघितलंच नाही. ती सुरू झाली. तो चालला होता, आणि भूक लागली होती, आणि वाटेत त्याला सरडे भेटले, दगडावरून घसरगुंडी खेळणारे. मग त्यालाही खेळायचं. सरडे म्हणाले नको, तो म्हणाला का नको. तिनं सरड्याचा आवाज काढला, कोल्ह्याचा काढला, दगडाचाही काढला. हॅरिसन आधीच हसायला लागला, त्याला पुढचं माहीत होतं. "मामा, थांब की!" बाईंनी आधी भराभर लिहिलं, मग हळूहळू लिहिलं, मग पेन्सिल खाली ठेवली. मग घड्याळ बंद करून पर्समध्ये टाकलं.

शेगडीची ऊब, पोटात रस्सा, सकाळपासूनची गाडी. बाईंचे डोळे मिटायला लागले.

शँडीन गोष्ट थांबवून म्हणाली, "बाई, झोपायचं नाही. गोष्टीत झोपलं की आयुष्य कमी होतं."

प्रुइटबाई ताडकन सरळ बसल्या. "नाही झोपले! मी विचार करत होते." आजी तोंडावर पदरासारखी शाल धरून हसत होती. बाई म्हणाल्या, "जानेवारीत एक पोरगा गाव सोडून चाललाय, त्याची खुर्ची मोकळी होतेय. साहेबांना मी शाळेत गेल्या गेल्या सांगते. शँडीन, पहिल्या मंगळवारी येताना ती तुझी बाटली घेऊन ये. तुझी आई मला रोज वाढताना त्या गोचिडीबद्दल सांगते."

शँडीननं आईकडं बघितलं. डेल्फीन लाकडं लावायच्या निमित्तानं शेगडीकडं वळली.

"बरं, मग शेवटी काय झालं त्याचं?" बाईंनी विचारलं. "दगडाखाली चेपला, आणि?"

"शेवटी?" शँडीन म्हणाली. "अहो बाई, हा तर पहिला दगड. अजून खूप आहे."

बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता, आज ती गाडी निघत नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. आजीनं आणखी कॉफी ठेवली. डेल्फीन येऊन पोरीशेजारी जमिनीवर बसली, आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं. शँडीन मेंढीच्या कातड्यावर पाय लांब पसरून बसली होती, मोजे काढलेले, बोटं मोकळी, शेगडीकडं करून, आणि बोलता बोलता ती बोटं हलवत होती. डेल्फीननंही बूट काढले आणि तिच्या पायांशेजारी आपले पाय पसरले.

"हं," ती म्हणाली, "मग?"